डावा कोपरा कोणाचा होता? : वऱ्हाडातली हौशी कबड्डी, जागा आणि आठवण

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं मैदानावर काय काम? पण एक साधा प्रश्न घेऊन आम्ही गेली काही वर्षं अमरावती आणि अकोल्यातल्या जुन्या हौशी कबड्डीपटूंशी बोलत आलो आहोत, आणि तो प्रश्न मैदानापुरता उरत नाही. प्रश्न असा : तुम्ही कुठं उभे राहत होता?

हा प्रश्न विचारला की सत्तरीतला माणूस खुर्चीत सरळ बसतो. कधीकधी उठतोच. पाय फाकवून गुडघे वाकवतो, एक हात पुढं करतो आणि दुसरा बाजूला. बाजूचा हात रिकामा राहतो, कारण तो धरणारा शेजारी आता समोर नसतो. हा रिकामा हात आजच्या व्याख्यानाचा विषय आहे, असं समजा.

आधी खेळाचा इतिहास थोडक्यात पाहू. महाराष्ट्रात ज्याला हुतूतू म्हणत, त्याला बंगालात हाडुडू आणि तमिळ मुलखात चेडुगुडू म्हणत. गावोगावचे नियम वेगळे. साधारण तीन प्रकार ओळखले जात. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, गामिनीत बाद झालेला बाहेरच राही, आणि अमरमध्ये गडी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजले जात. १९१८च्या सुमारास महाराष्ट्रात हे नियम एका सूत्रात बांधायला सुरुवात झाली. १९२३ मध्ये बडोद्याला त्या नियमांनी मोठे सामने झाले. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत खेळाचा समावेश झाला, १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कलकत्त्याला सुरू झाली. पुढं १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिक झालं आणि १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी पदकाचा खेळ झाला.

या कहाणीत वऱ्हाडाचं स्थान मोठं आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी ते उभं केलं. आखाड्यातून वाढलेल्या या मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत गेलं आणि आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं त्यानं तिथं केली. त्यात हुतूतूही होता. अमरावतीच्या मातीतला खेळ बर्लिनमध्ये दाखवला गेला, ही गोष्ट आमच्या लहानपणी प्रत्येक मास्तर सांगत असे.

पण आत्ता सांगितलेला इतिहास कशाचा झाला? संघटनांचा, नियमांचा, स्पर्धांचा. त्यात माणूस आलाच तर चढाई करणारा येतो. चढाई सगळ्यांना दिसते. एक माणूस एकटा पलीकडे जातो, दम धरतो, कोणाला तरी शिवतो आणि परत येतो. गोष्ट सांगायला सोपी. बचाव मात्र सात जणांचा असतो आणि तो घडतो दोन-तीन सेकंदांत, एका ढिगाऱ्यात. ढिगाऱ्याखाली कोणाचा हात आधी पडला, हे पंचांनाही नीट दिसत नाही. गुणपत्रिकेवर गुण राहतात. कोण कुठं उभा होता हे तिथं राहत नाही.

रग्बीशी तुलना केली तर फरक लगेच कळेल. रग्बीत पंधरा जणांच्या पाठीवरचा आकडा हीच त्याची जागा. दोन नंबर म्हणजे हूकर, दहा नंबर म्हणजे फ्लाय-हाफ. जुना फोटो हाती आला तरी कोण कुठं खेळायचा ते कळतं. आपल्याकडे बनियनवर आकडा आला तोही पुष्कळ उशिरा, आणि आला तरी त्याचा जागेशी संबंध नाही. म्हणून कबड्डीतल्या जागेचा इतिहास कागदावर नाही, खेळाडूंच्या अंगात आहे.

त्या जागा कोणत्या, हे न खेळलेल्यांसाठी सांगतो. चढाईवाल्याकडे तोंड करून सात जण अर्धगोलात उभे राहतात. दोन टोकांना दोन कोपरे, डावा आणि उजवा. त्यांच्या शेजारी 'इन'चे दोघं. मग दोन कव्हर, ज्यांना वर्तमानपत्रवाले मध्यरक्षक म्हणतात. आणि अगदी मधे सेंटर. पुरुषांचं मैदान तेरा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे एका बाजूला साडेसहा मीटर खोली. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा. चढाईवाल्याला निदानरेषा ओलांडावी लागते किंवा कोणाला तरी शिवावं लागतं. ही सक्तीच कोपऱ्याची संधी असते. पाय आत पडला, वजन पुढं गेलं, की कोपरा घोट्यावर झडप घालतो. कोपरा खाली ओढतो आणि कव्हर वरून येऊन परतीची वाट बंद करतो. एकट्या कोपऱ्याची पकड बहुतेक वेळा सुटते. कव्हर अर्धा क्षण उशिरा आला तर कोपरा बाद होतो, आणि लोक म्हणतात, याची पकड कच्ची.

अजून एक बारकावा सांगतो. चढाईवाला उजव्या अंगाला तोंड करून खेळत असेल तर त्याची पाठ डाव्या अंगाला असते. मग डावीकडचे लोक पावलापावलानं पुढं सरकतात. ते बोलत नाहीत, एकमेकांकडे पाहतही नाहीत. धरलेल्या हाताच्या दाबावरून कळतं, आता जायचं. अकोल्याचे एक कव्हर आम्हाला म्हणाले, "सर, मॅच कोनती होती, किती पॉइंटानं जितलो, ते नाही सांगता येत मले. पन माह्या उजव्या हाताले कोन होता ते झोपेतून उठवून इचारा."

हे वाक्य आम्हाला महत्त्वाचं वाटतं, आणि त्याचं कारण तत्त्वज्ञानातलं आहे. आपल्या नैयायिकांनी स्मृतीला प्रमेत धरलं नाही. यथार्थ अनुभव म्हणजे प्रमा. स्मृती ही आधीच्या अनुभवाच्या संस्कारातून उपजते, ती स्वतंत्रपणे नवं काही कळवत नाही, म्हणून ती बाजूला. इतिहासकारही म्हाताऱ्यांच्या आठवणीकडे याच संशयानं बघतो, आणि ते योग्यच आहे. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांची सालं चुकतात. एकाच सामन्याचा निकाल दोघं दोन सांगतात. हरलेला सामना पन्नास वर्षांत बरोबरीत सुटतो. पण जागेच्या बाबतीत वाद होत नाही. डाव्या कोपऱ्याला विचारा, तो शेजारच्या 'इन'चं नाव सांगेल. मग त्या 'इन'ला वेगळं गाठून विचारा, तो याचं नाव सांगेल. दोन साक्षी जुळतात. निकाल हा डोक्यात ठेवलेला आकडा असतो. जागा ही हजार वेळा केलेली हालचाल असते. नैयायिकांचाच 'संस्कार' हा शब्द घ्या. आकड्याचा संस्कार एकदा झाला, जागेचा रोज संध्याकाळी झाला.

इथं एक सावधगिरी मात्र हवी. आज हे जुने लोक सर्रास 'लेफ्ट कॉर्नर', 'राइट कव्हर' म्हणतात. २०१४ पासून प्रो कबड्डी घराघरांत टीव्हीवर आली आणि समालोचकांनी हे शब्द त्यांच्या तोंडी घातले. खोदून विचारलं तर जुना शब्द वर येतो : "आम्ही त कोपराच म्हनो." शब्द नवा, जागा जुनी. आठवण ऐकताना हे दोन वेगळे धरावे लागतात.

आता जागा म्हणजे काय, याकडे वळू. अरिस्टॉटलनं जागेची व्याख्या अशी केली की वस्तूला वेढणाऱ्या गोष्टीची आतली कड म्हणजे त्या वस्तूची जागा. म्हणजे जागा आपल्यापुरती नसते, भोवतालच्यांनी ठरते. आपल्या देशी खेळांत तर जागेच्या तीन वेगवेगळ्या कल्पना आहेत. आट्यापाट्यात जागा म्हणजे आखलेली पाटी. गडी त्या पट्टीतच डावी-उजवीकडे धावणार. उभ्या सूरपाटीवर पळण्याची मुभा एकट्याला, बाकीच्यांनी आपली पाटी सोडायची नाही. खो-खोत याच्या नेमकं उलट. आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो, आणि 'खो' मिळाला की बसलेल्यानं जागा सोडायचीच. देणारा तिथं बसतो. म्हणजे जागा द्यायची आणि घ्यायची वस्तू. कबड्डीत जागा रेषेनं ठरत नाही आणि आवाजानंही नाही. शेजाऱ्याच्या हातानं ठरते. कोपरा बाद होऊन बाहेर गेला तर त्याची जागा रिकामी राहत नाही, 'इन'वाला तिकडे सरकतो आणि अख्खी साखळी नव्यानं जुळते. तिघंच उरले तर तिघांनी सात जागा सांभाळायच्या. आजच्या नियमात तिघांनी किंवा त्याहून कमी जणांनी पकड केली तर जादा गुण मिळतो. पूर्वी नुसता टाळ्यांचा गजर मिळायचा.

हे सगळं वऱ्हाडात खेळलं जात होतं तेव्हा आजूबाजूला काय होतं? इथं विषय गंभीर होतो.

१९२७च्या नोव्हेंबरात अमरावतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळावा, हा प्रश्न शहरात पेटलेला होता. डॉ. पंजाबराव देशमुख त्या लढ्याच्या बाजूनं उभे राहिले. त्या काळातल्या अमरावतीत माणसाची जागा जन्मानं ठरलेली होती : विहिरीवर कुठं, देवळाबाहेर कुठं, पंगतीत कुठं. आणि कोणी कोणाला शिवायचं नाही, हा त्या व्यवस्थेचा कणा होता.

त्याच काळात शेजारच्या मैदानावर हुतूतू खेळला जात होता. त्या खेळाचा पाया काय? शिवणं. शिवल्याशिवाय गुण नाही, धरल्याशिवाय बचाव नाही, आणि शेजाऱ्याचा घामेजलेला हात धरल्याशिवाय साखळी नाही. खेळानं जात मोडली, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. खेळ संपल्यावर मुलं आपापल्या मोहल्ल्यात जात आणि पाण्याचे माठ वेगळे असत. पण मैदानावर एक वेगळी गोष्ट शक्य झाली : जन्माशी ज्याचा संबंध नाही अशी जागा. मनगट बळकट आणि बांधा बुटका असेल तर कोपरा. छाती रुंद असेल तर कव्हर. पाय हलका असेल तर 'इन', कारण तिथून चढाईला सुटता येतं. ही जागा अंगानं आणि सरावानं मिळे, आणि खेळ घसरला तर जाई सुद्धा. जी जागा जाऊ शकते ती कमावलेली असते. जन्माची जागा जात नाही, म्हणून ती कमावलेलीही नसते.

अमरावतीचे एक वयोवृद्ध गृहस्थ, त्यांच्या वस्तीतल्या संघाचे उजवे कोपरा, आम्हाला म्हणाले, "गावात आमाले जागा होती, पन ते लोकायनं देल्ली होती. कोपरा माहा होता. तो म्या घेतला." यावर आम्ही काही भाष्य करू नये हेच बरं.

आणि ही संधी वाढली कशी? शाळांमधून. पंजाबरावांच्या शिवाजी शिक्षण संस्थेनं आणि इतरांनी खेड्यापाड्यांत शाळा नेल्या. शाळा म्हटली की एक मोकळी जागा, पीटीचे मास्तर आणि फक्की. हुतूतूला चेंडू लागत नाही, बॅट लागत नाही. वऱ्हाडची काळी माती मात्र खेळायला वाईट. पावसात चिकटते, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून मुरूम आणि चाळलेली माती आणून टाकायची, पाणी शिंपायचं, धुमसायचं आणि मग फक्कीनं रेषा मारायच्या. अनेकांच्या आठवणीत सामन्यापेक्षा मैदान तयार करण्याचं काम जास्त आहे. कॉलेजात गेल्यावर विद्यापीठाचा संघ. अमरावती विद्यापीठ १९८३ चं, त्याआधी वऱ्हाडातली मुलं नागपूर विद्यापीठाकडून खेळत. विद्यापीठाचा कलर मिळालेला कोट पुष्कळ घरांत अजून पेटीत आहे. अंगाला होत नाही, पण देऊनही टाकवत नाही.

आता 'हौशी' या शब्दाकडे येऊ. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय संघटनेच्या नावातच 'अमॅच्युअर' हा शब्द आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला प्रेम करणे हा अर्थ आहे. आपला 'हौशी' त्याच्या जवळचा. पण हौस कोणाला परवडते?

पुन्हा रग्बीकडे पाहू. इंग्लंडच्या उत्तरेत, लँकशर आणि यॉर्कशरमध्ये, गिरणी आणि खाण कामगार रग्बी खेळत. शनिवारी खेळायला गेलं की मजुरी बुडे. ती भरून द्यावी, अशी तिथल्या क्लबांची मागणी होती. दक्षिणेतल्या सुखवस्तू मंडळींनी ती नाकारली : खेळ प्रेमासाठी, पैशासाठी नाही. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेतल्या वीसेक क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि बुडालेल्या मजुरीपोटी दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत देणं मान्य केलं. मूळ रग्बी युनियन शंभर वर्षं, १९९५ पर्यंत, कागदोपत्री हौशीच राहिली.

या कहाणीचा आपल्याशी एक धागा आहे, अगदी शब्दशः सुताचा. अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकशरचा कापूस तुटला तेव्हा वऱ्हाडच्या कापसाकडे साऱ्यांची नजर वळली. कापूस बंदरापर्यंत नेण्यासाठी रेल्वे आली, १८७० मध्ये खामगावची शाखा व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंच्या हस्ते सुरू झाली. अकोला, अमरावतीत जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. म्हणजे कापसाच्या एका टोकाला रग्बी खेळणारा गिरणी कामगार, दुसऱ्या टोकाला हुतूतू खेळणारा जिनातला रोजंदार. अडचण दोघांची एकच होती. कापसाच्या हंगामात जिनातली पाळी चुकवली की रोज बुडाला. तिकडे संघटना फुटली. आमच्याकडे सामने रात्री ठेवले. गॅसबत्त्या लावायच्या, चौफेर माणसं, आणि सकाळी सुजलेला गुडघा घेऊन पुन्हा कामावर. त्या हौसेची किंमत खेळणाऱ्यानं स्वतः भरली. एका घरात तर ती आईनं भरली : "बाबाचा रोज बुडे त माय सांजी नाही जेवे," असं एका खेळाडूच्या मुलीनं सांगितलं. हौशी खेळाचा इतिहास लिहिताना ही रात्रीची न जेवलेली बाई कुठल्या जागेवर धरायची, हे इतिहासकारानं ठरवायला हवं.

आणि ज्या बाया स्वतः खेळल्या त्या? महिलांचं मैदान बारा बाय आठ. अंतर कमी, म्हणून पकड अधिक जवळून आणि अधिक लवकर. कॉलेजात तीन वर्षं कव्हरला खेळलेल्या, आता आजी झालेल्या एक बाई आम्हाला भेटल्या. कुठं खेळत होता, हे विचारल्यावर थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मले लग्न झाल्यापासून कोनं इचारलंच नाही." पुरुषांची जागा गुडघ्यानं जाते, पस्तिशीत. त्यांची एकविसाव्या वर्षी गेली, शरीर उत्तम असताना. पुरुषांच्या आठवणी चहाच्या टपरीवर रोज घोटल्या जातात म्हणून टिकतात. या बाईंचा शेजारी-कोपरा लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेला आणि आठवणीची दुसरी साक्ष तिथंच संपली. आम्ही मघाशी जुळणाऱ्या दोन साक्षींबद्दल बोललो. बायकांच्या खेळाचा इतिहास दुबळा का, याचं एक कारण इथं आहे. आठवण कमी नव्हती. ती जुळवायला शेजार उरला नाही.

म्हणून आजच्या श्रोत्यांकडे, विशेषतः अमरावती-अकोल्याकडच्या श्रोत्यांकडे, आमचं एक काम आहे. घरात, मोहल्ल्यात कोणी खेळलेलं असेल तर किती सामने जिंकले हे विचारू नका. तो आकडा चुकणार आहे. तुम्ही कुठं उभे राहत होता आणि तुमच्या दोन्ही हातांना कोण होतं, एवढं विचारा आणि नावं लिहून ठेवा. मग ती माणसं शोधा आणि त्यांनाही तेच विचारा. सात नावं जुळली की एक संघ कागदावर उभा राहील. आणि त्यात ज्याचा हात कोणी धरलाच नव्हता अशी जागा दिसली, तर तीही लिहा.

वेळ संपत आली आहे. आम्ही इथं थांबतो. आता प्रश्न घेऊ.